उधारमिठे

कियोज्जात अर्ध्या दारांवर एकच आडनाव,
बोस्कोलो.
टपालवाला मग टोपणनावानंच पत्रं टाकतो.

ओंदिनाबाईंचं घराणं ‘उधारमिठे’:
सहाशे वर्षांपूर्वीच्या वेढ्यात
मूळपुरुषानं शेजारून ओंजळभर मीठ आणलं
आणि परत केलं नाही.

पाहुण्यांना खांबावरचा सिंह दाखवतात.
पंख आहेत, पण अंगानं एवढासा
की पलीकडचे व्हेनिसवाले त्याला मांजर म्हणतात.
मासळीबाजारात पाहुणे नाकाला रुमाल लावतात,
तोच रुमाल हलवत बोटीत बसतात.

मिठागरं बुजली.
लाल-पिवळी शिडं भिंतीवर टांगली
घराण्यांच्या खुणांसकट.
खाजणात भरती येते, जुन्या हक्कानं.

परवा शेजारीण गेली, त्या घरातली शेवटची.
आज ओंदिनाबाई किलोभर मीठ घेऊन
तिच्या बंद दाराशी उभ्या.
मनोऱ्यात ठोके पडतात.
पिशवी या हातातून त्या हातात.