कोरा नमुना

तासगावच्या कॉलेजात सव्वीस वर्षं
मी काच धुतोय.
बीकर, पिपेट, चंबू, नळ्या.
आधी साबण, मग नळ, मग तीनदा शुद्ध पाणी,
मग उजेडाकडे धरून डाग शोधायचा
आणि नाही सापडला की पालथी घालायची.
एकदा मोठा चंबू फुटला,
तीन महिने पगारातून कापून घेतले.
काच महाग असते,
एवढं रसायनशास्त्र मला येतं.

यंदा खराडे मॅडमना बेदाण्यातलं बोरॉन मोजायचं होतं.
बाहेरच्या मशीनवर एका नमुन्याचे अठराशे,
वर वायूची टाकी, वर वीज, वर रांग.
मॅडमनी ते पत्रक ड्रॉवरमध्ये सारलं
आणि म्हणाल्या, घरात काय काय आहे सांगा.

हळद निघाली. पेठेतली नको,
अल्फिया मुलाणीच्या मामाच्या वावरातली, घरीच कुटलेली.
चुक्याची एक जुडी, आंबटपणाला.
पानपट्टीवरचा चुना.
आणि अल्फियाच्या भावाची कॅरमची पावडर,
कारण ती म्हणजे बोरिक ॲसिडच,
सोंगट्या जिच्यावर घसरतात.
मापाला माप तिचंच धरायचं होतं.
सराफाच्या काट्यावर चिमटीहून कमी तोलून घेतली.
एवढ्याशा पावडरीसाठी आलात, म्हणाला,
सोनं घेतानाही लोक इतकं वाकून बघत नाहीत.

बेदाणे चुन्यासकट जाळले, राख उकळली,
तीत चुक्याचा रस, हळद,
आणि सगळं कॉलेजच्या पत्र्यावर, एप्रिलात, बारा ते तीन.
विजेचं बिल शून्य.
चुन्यानं हळद लाल होते हे कुणालाही ठाऊक,
पण ते लाल आंबट लागलं की पळून जातं.
बोरॉनचं लाल आंबटातच बसतं, हलत नाही.
बसलं.
आम्ही चहा मागवला.

मॅडम मात्र कोरा नमुना केल्याशिवाय चहा पीत नाहीत.
कोरा म्हणजे सगळं तेच, फक्त बेदाणा नाही.
तोही लाल झाला.

मग तीन दिवस संशयाचे.
हळद बदलली. लाल.
चुना दुसऱ्या पानपट्टीवरून आणला. लाल.
अल्फियाला हात दाखवायला लावले,
भावाशी खेळून आलीस का गं?
ती रडवेली झाली, सख्ख्या भावाशी
तिनं आठवडाभर कॅरम सोडला.
लाल.

चौथ्या दिवशी मॅडमनी बीकर उचलला,
नाव मोठ्यानं वाचलं: बोरोसिलिकेट.
पुन्हा वाचलं. पहिलीच दोन अक्षरं.
मी तर ते रोज पुसत होतो.
चुन्याच्या कढत पाण्यात
काच थोडी थोडी विरघळत होती,
आम्ही जे शोधत होतो तेच
गुपचूप ओतत होती आमच्या पदरात.

मी डब्यातलं पिठलं झाकणात काढलं,
स्टीलची वाटी धुतली, साबण, नळ, तीनदा,
आणि पुढं केली.
कोरा नमुना पिवळा राहिला.
नुसता पिवळा, हळदीसारखा.
असं काहीच न होण्यावर
मी पहिल्यांदाच माणसांना टाळ्या वाजवताना बघितलं.

बुटाच्या खोक्यात मोबाईल, भोक पाडून,
कॅरमच्या पावडरीच्या सात लाल रंगांशेजारी
बेदाण्याचा लाल.
किलोमागे तेवीस मिलिग्रॅम, अधिक-उणे चार.
ते चार कशाचे, मी विचारलं.
तेवढं आपल्याला माहीत नाही.
आणि तेही लिहायचं?
मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. लिहून झालं होतं.

घरी बायको म्हणाली, वाटी कुठंय?
म्हटलं, कॉलेजात नोकरीला लागली.

दुसऱ्या दिवशी बीकर धुतले, सवयीनं.
एक उजेडाकडे धरला.
डाग नव्हता.
तरी बराच वेळ धरून राहिलो.