पाचवं चाक

उन्हाळाभर कूलरच्या बॉड्या,
दिवाळीपर्यंत गेटं, खिडक्यांच्या जाळ्या,
ठिबकच्या फिल्टरचे निळे डबे,
जळगाव एमआयडीसीत आमच्या शेडला हेच येतं.
म्हणून फैजपूरचे झोपे मास्तर
टेम्पोतून पाच चाकं उतरवून म्हणाले,
"चौसष्टची फियाट आहे,"
तेव्हा सुपडूनं हातातलं गेट तसंच खाली ठेवलं
आणि त्यांना खुर्ची पुसून दिली.

चाकांसोबत गोणपाटात
टॅपेटचं झाकण, पंख्याची पुली,
थर्मोस्टॅटचं ओतीव घर,
आणि बॅटरीचा ट्रे, चाळण झालेला.

शेडकार्ड तीनदा चाळलं.
आयव्हरी नको, क्रीम नको, बिस्किटी तर नकोच.
"मले दादरच्या भाकरीचा पाहिजे," म्हणाले.
"तव्यावरून उतरतानाचा नाही,
टोपलीत जरा निवल्यावरचा."
चाळीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस.
मी एका चौकोनावर बोट ठेवलं.
ते हसले नाहीत, पण हो म्हणाले.

ब्लास्टिंगला लावलं की वर्षं उलटी सुटतात.
वर चंदेरी, कुण्या हौशी जावयाचा,
त्याखाली काळा, त्यात ब्रशचे केस अडकलेले,
त्याखाली आणखी एक काळा,
मग लाल ऑक्साइड,
मग लोखंड,
नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखं, लाजलेलं.
"आता हात लावायचा नाही," मी मास्तरांना म्हटलं,
"बोटाचा घाम रात्रीतून गंज होऊन उगवतो."
त्यांनी दोन्ही हात मागे बांधले.

नटांच्या बैठकींवर हिरवी टेप.
तिथं रंग राहिला तर चुरतो, नट सैल पडतो.
ओतीव भाग आधी कोरडाच भाजायचा,
साठ वर्षांचं तेल त्याच्या रंध्रांत बसलेलं असतं.
वांग्याला टोचे मारतात, तसंच हे,
नाहीतर आतलं आपल्या वेळेला फुटतं.
हुक घासून घ्यायचा.
लोखंडाला अर्थ मिळाला नाही
तर पावडर नुसती भिरभिरत राहते.
आणि खोल कोपऱ्यात ती जात नाही.
बंदूक जवळ नेली तर अजूनच मागे फिरते.
तिथं दाब कमी करायचा, हवा कमी करायची,
बाजूनं जायचं,
रुसलेल्या पोराशी दुसरंच काही बोलत बसावं, तसं.

चार चाकांतून लोखंड निघालं.
पाचव्यातून लांबी निघाली,
वाळूच्या माऱ्यानं पापुद्रा उडाला आणि खाली
नटाच्या भोकापासून काठापर्यंत एक चीर,
केसाएवढी.

"स्टेपनीचं आहे ते," मास्तर म्हणाले,
"डिकीतच राहणार. रंग बसला की कोणाले दिसतं?"
"नाही दिसणार," मी म्हटलं, "म्हणूनच."

बराच वेळ कॉम्प्रेसरच बोलत होता.
मग ते म्हणाले, अठ्ठ्याऐंशी साली
पालच्या घाटात एक दगड लागला होता.
आवाज आला होता.
मंडळी मागे झोपलेली होती, लेक मांडीवर.
"मी गाडी थांबवली नाही."
पुढं ते काहीतरी मोजत राहिले,
वर्षं असतील, किंवा किलोमीटर.

ओव्हन दोनशेवर, बाहेर पंचेचाळीस.
दोन्हींतला फरक फक्त सुपडूला कळतो,
कारण दार तोच उघडतो.
वीस मिनिटांनी उघडलं,
आत चार चाकं, टोपलीत निवत ठेवल्यासारखी.
मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
"थोडा पिवळा जास्त आहे," म्हणाले,
आणि पैसे मोजताना दोनदा चुकले.

चार चाकं कागदात गुंडाळून मागे ठेवली.
पाचवं भंगारात टाकू का, सुपडूनं विचारलं.
ते उत्तर न देता ड्रायव्हरशेजारी चढले,
म्हणाले, दे इकडे.
टेम्पो वळला तेव्हा दिसलं,
ते उघडं चाक मांडीवर धरलेलं,
आणि हात लागू नये म्हणून
मधे रुमाल.