दीड तास उधार

रुवीतल्या आमच्या काउंटरच्या काचेला
चिकटवलेलं निळं विमान
एका पंखानं सुटत आलंय.
त्याच्याखालून वाकून दर गुरुवारी
शरफुद्दीन परकार विचारायचे,
"बाय, किती तास?"

तिकीट नको असायचं. नुसते तास.
मी स्क्रीनकडे बघतही नसे.
मस्कत ते मुंबई, पंधराशे साठ किलोमीटर,
दोन तास पस्तीस मिनिटं,
वारा पाठीशी असला तर थोडं कमी.
"आणि पुढं?"
पुढं बाणकोट, चाचा. सात तास.
हायवेचं काम संपलं असेल तर सहा.
"म्हणजे सातच," म्हणायचे,
आणि रुमाल तोंडाशी धरून हसायचे.

त्यांचा आजा गलबतानं आला होता इथं,
काथ्या भरून, अठरा दिवसांत.
त्याला कुणी अंतर विचारलं
तर तो पाण्याची पिंपं सांगायचा.

नातू मत्रहच्या गोदामात
एकोणतीस वर्षं टाइल्सच्या पेट्या मोजत बसला.
हिशेबाचा माणूस. एकदा म्हणाले,
"पहिल्यांदा आलो तेव्हा अकराला सुटलो,
उतरून घड्याळ लावलं तर बारा.
अडीच तास उडालो, खर्ची पडला एक.
दीड तास फुकट, बाय!
सुट्टीला जातो तेव्हा तो फेडतो,
येताना पुन्हा उचलतो.
इतकी वर्षं एकच उधारी फिरवतोय."

मी पावतीबुकात कार्बन सरकवत राहिले.
आठला मी शटर ओढते
तेव्हा सांगलीत साडेनऊ झालेले असतात,
आई औषध घेऊन झोपलेली असते.
माझ्याही नावावर काही थकलंय,
हे त्यांना सांगितलं नाही.

या एप्रिलात ते सोमवारी आले.
"काढ," म्हणाले.
येण्याची तारीख?
त्यांनी काचेवरच्या विमानाचा सुटलेला पंख
अंगठ्यानं दाबून बसवला.
तो पुन्हा उठला.
"एकाच बाजूचं."

सुटणार दहा दहाला, पोचणार सव्वादोनला.
सव्वादोन त्यांनी दोनदा वाचलं.
मग विचारलं, घड्याळ कुठं पुढं करायचं,
इथं, की वर?
वर, म्हटलं मी, उतरताना, सगळे करतात तसं.
पण त्यांनी तिथंच चावी ओढली
आणि काटा फिरवला,
सावकाश, मोजून नोटा द्याव्यात तसा.

विमानाला अजून अठरा दिवस होते.

गुरुवारी मी आठला आले
तर झाडणारा रफीक म्हणाला,
तुमचे ते चाचा साडेसहालाच आले होते,
शटर वाजवत होते,
आठ वाजले तरी दुकान बंद कसं, म्हणून
माझ्यावरच चिडले.
काय हवं होतं त्यांना?

मी कुलूप काढलं.
काही नाही, म्हटलं,
अंतर विचारायचं असेल.