मुहर्रक ते दास

सरळ रेघेत एकशे अडतीस सागरी मैल.
वारा धरला नाही तर एकोणतीस मिनिटं,
शमाल पाठीशी असेल तर सव्वीस,
परतताना तोच नाकावर, म्हणून तेहतीस.
जमिनीवर सरपटण्याची नऊ वेगळी.
हा हिशेब मी रात्रपाळीत काढला,
कुणी मागितला नव्हता.

दोन्ही टोकांना बेट, दोन्हीकडे धावपट्टी.
इकडच्या धावपट्टीवर मी विमानांचे कागद भरते:
इंधन किती, वजन किती,
उतरता आलं नाही तर जायचं कुठे.
तिकडच्या धावपट्टीशेजारी आगीच्या बंबात
बूट न काढता झोपतो अश्फाक,
माझ्या पाठचा.

दाभोळहून आई विचारते,
"दोघं आखातातच ना तुम्ही? मग?"
तिच्या लेखी आखात म्हणजे खाडी.
अलीकडे दाभोळ, पलीकडे धोपावे,
धक्क्यावरून हाक मारली
की पलीकडचा माणूस मान वर करतो.
म्हणून मुबीनमामूंच्या मुलाबरोबर तिने सोडे पाठवले,
एकच पुडी, किलोभर,
वर बॉलपेनने: निम्मे अश्फाकला.

निम्मे पोचवू कसे, आई?
या दोन बेटांमध्ये विमान नाही.
आधी अबुधाबी, तिथे कंपनीचं दार,
दारावर पास, पासावर सही,
सहीवाला साहेब रजेवर.
मग कंपनीचं छोटं विमान,
आणि त्यात वासाचा जिन्नस चालत नाही.
सव्वीस मिनिटांचे असे अकरा दिवस होतात,
तेही सगळं जमून आलं तर.
त्याची सुट्टी सहा आठवड्यांनी, माझी ईदनंतर.
चार वर्षांत एकदाच भेटलो,
मुंबईच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी.
त्याची बॅग आधी आली.

सोडे फ्रीजमध्ये आहेत.
फ्रीज माझा आणि शायनीचा. ती कोट्टयमची,
तिला वासाचं काही नाही,
पण दार उघडलं की विचारते,
"भावाचे अजून इथेच?"

मंगळवारी रात्री एक मालवाहू निघालं मस्कतला.
मार्ग दोन होते.
मी दक्षिणेकडचा लिहिला,
चाळीस किलो इंधन जास्त.
कारणाच्या रकान्यात: वारा.
खोटं नव्हतं. वारा होताच,
आखातात तो कधी नसतो?
कप्तानाने न वाचता सही केली.
मग अश्फाकला मेसेज टाकला:
दोन वाजून सतरा मिनिटांनी बाहेर ये. वर बघ.

पडद्यावर तो हिरवा ठिपका
त्याच्या बेटाच्या बाजूने सरकत गेला,
माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावरून.
मी खुर्चीतून उठले होते. का, माहीत नाही.

पहाटे उत्तर आलं:
धूळ होती. दिवे दिसले नाहीत.
आवाज आला बहुतेक.
किंवा जनरेटर असेल.
आणि जरा वेळाने:
सोडे खाल्लेस?

बुधवारी भिजत घातले.
निम्मेच.
कुणाचे निम्मे,
ते बघितलं नाही.