सतरा दिवस

देवमन म्हणे, नुसतं कागदापुरतं हाय, बाई.
वारसाची नोंद झाली तवा तलाठ्यानं
माझं नाव चढवलं सातबाऱ्यावर:
पंचफुला महादेव बोंडे.
बत्तीस वर्षांनी कोनी मले
बापाच्या नावानं लिवलं.

सतरा दिवस झाले त्याले.
मधात एकडाव वावरात जाऊन आली मी.
इहिरीजवळची चिंच, तिच्याखालचा धुरा,
याच धुऱ्यानं देवमनले कडेवर घेऊन
निंदणाऱ्या मायले भाकर नेत होती.
तूर शेंगांवर आलेली. एक शेंग तोडली,
अन् उगंच इकडंतिकडं पाह्यलं,
चोरी केल्यावानी.

आज दर्यापूरच्या कचेरीत
देवमननं चहा पाजला, आलुबोंडा खाऊ घातला.
पिशवीत साडी हाय, हिरवी,
पोलक्याच्या कापडासंगं.
मुन्शी भराभरा वाचते:
राजीखुशीनं, कोनाच्या दबावाबिगर...

थांबा, म्हटलं.
हे खुशी कोनं लिवली?

देवमन चपलेकडं पाहते.
मुन्शी म्हणते, छापीलच राह्यते ते, बाई.

शाईचा डबा उघडा हाय.
हिरवा रंग मले आवडते, हे त्याच्या ध्यानात हाय अजून.
चष्मा काढला मी.
म्हटलं, पयल्या ओळीपासून.
हळू.