अज्ञात कोणत्या गावचा

एकतीस वर्षं कार्डं लिहितो आहे मी
सिव्हिल लाइन्समधल्या या बंगल्यात,
जिथं मे महिन्यात कूलरचा खस
वस्तूंपेक्षा जुना वाटतो.
वस्तू. काळ. प्रदेश. उपयोग. निर्माता.
शेवटच्या रकान्यात हात आपोआप चालतो.

यंदा वरून पत्र आलं:
ज्यांच्या वस्तू, त्यांना विचारून घ्या.
मग एटापल्लीहून, दोन एसट्या बदलून,
मैनीबाई उसेंडी आल्या, नातू दसरूसोबत.
हे शहर गोंड राजानं वसवलं,
असं आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो.
त्यांना सांगताना जीभ अडली.

पहिल्या कपाटात तुंबा:
‘भोपळ्याचे जलपात्र, आदिवासी.’
‘आजी म्हणते, उलटा टांगलाय.
आणि किती वर्षं झाली याला पाणी दाखवून?’
मी रजिस्टर उघडलं.
रजिस्टरात हे कुठं असतं!

लाकडी फणी बघून त्या हसल्या, पदर तोंडाशी धरून.
दात मोज, म्हणाल्या.
मी मोजले. चौदा.
पुढं काही सांगितलं नाही.

दसरू कार्डं मोठ्यानं वाचत होता.
निर्माता अज्ञात. निर्माता अज्ञात.
बाराव्या कार्डाला त्यांनी थांबवलं,
पहिल्यांदाच सरळ मला विचारलं:
‘हा अज्ञात कोन्या गावचा हाय, बापू?
लय कारागीर मानूस.
फणी बी त्यानंच केली, टोपली बी.
जिता हाय का?’

दसरू हसला नाही.
संग्राहकाचं नाव मात्र कार्डावर पूर्ण,
पदवीसकट,
घोड्यावरून किती मैल हिंडला तेही.

शेवटच्या कपाटाशी त्यांनी तोंड फिरवलं.
‘झाका आंधी.’
काय आहे ते? उपयोग? मी पेन सरसावलं.
‘सांगाचं नाही.’
(त्यांच्या बोलीत पेन म्हणजे देव,
हे दसरूनं मग जिन्यात सांगितलं.)
टेबलावरचं कापड ओढून काचेवर टाकलं,
चहाच्या डागांसकट.

साहेबांना अहवाल हवा होता, दोन प्रतींत.
लिहिलं: तुंबा सरळ केला. पाणी भरलं.
शेवटच्या कपाटाचा ‘उपयोग’ कोरा,
चुकून नव्हे, असं समासात, सहीनिशी.

सकाळी फरशीवर ओल.
तुंब्याला तडा होताच कुठंतरी.
परसराम फडकं घेऊन आला.
राहू दे, म्हटलं.