वारा जायला जागा

तालमीच्या माडीवर पहाटे साडेपाचला
मी अकरा माणसांना बोटं शिकवते.
खाली हौद्यात लाल माती, कापूर, ताक,
आणि शड्डू.
मांडीवर तळहात आपटल्याचा तो आवाज
भिंतीतून सतरंजीत येतो, सतरंजीतून आमच्या मांडीत,
आणि मिटलेल्या पापण्या जराशा हलतात.

अंगठा म्हणजे अग्नी, मी सांगते.
तर्जनी वायू, मधलं आकाश,
अनामिका पृथ्वी, करंगळी पाणी.
वायूचं टोक अग्नीच्या टोकाला लावा.
दाबायचं नाही.
भाकरी उलटताना बोट तव्याला लागतं ना,
तेवढंच.

कालिंदी शेट्यांच्या अनामिकेत अंगठी रुतलीय,
वीस वर्षं निघालेली नाही;
त्यांची पृथ्वी थंडीत निळी पडते.
खिडकीजवळचा पोरगा डोळे मिटूनही
अंगठ्यानं मांडीवर काहीतरी वर सरकवत असतो.

हिंदुराव मगदूम पहिल्या दिवशी
गुडघ्यांवर हात पालथे ठेवून बसले.
उताणे करा, मी म्हटलं.
केले.
उजव्या हाताला तर्जनी नव्हती.
बुडापासून. जखम जुनी, कातडी गुळगुळीत.

"वारा गेला की ओ बाई," ते म्हणाले,
"उद्यमनगरात, प्रेसखाली,
शहाऐंशीच्या दिवाळीला चार दिवस असताना.
बोनस तेवढा मिळाला."
हसू नये असं वाटेपर्यंत मी हसले होते.

भिंतीवर माझा तक्ता आहे.
त्यातला हात गोरा, नखं कापलेली, पाची बोटं जागेवर.
मी म्हटलं, मधल्या बोटानं करा.
"मग ते आकाश होतंय," ते लगेच म्हणाले.
एका दिवसात पाठ केलं होतं.
"आकाश नको. डाव्या हाताला वारा हाय,
उजव्याला आपला नुसता जाळ ऱ्हाऊ दे."

वर्ग सुटल्यावर गंगावेशीत म्हशी उभ्या असतात.
दुधाचा पेला त्यांनी तीन बोटं आणि अंगठ्यात धरला,
फेस मिशीला लागला.
मग एकदम म्हणाले,
"साचा बगितलाय का कधी? काळ्या वाळूचा?
वाळू, चिकणमाती, वाईच पाणी.
ठोकून ठोकून बसवायचं.
रस वतायच्या आधी तारेनं भोकं पाडायची,
वारा जायला.
न्हाई पाडली तर त्यो आतच कोंडतोय.
काम वरनं झ्याक दिसतंय,
आतनं निस्तं फुगं.
गिऱ्हाईक म्हागारी धाडतंय."

पेला विसळून ठेवला, सायकल काढली, गेले.
त्यांनी त्याचा काही अर्थ काढला नाही.
मी काढला, घरी जाताना, पापाच्या तिकटीपर्यंत,
आणि पुढं मला त्याची लाज वाटली.
माणसाचं बोट गेलंय
आणि मी त्यात भोक शोधतेय.

तरी आज पहाटे, सगळ्यांचे डोळे मिटल्यावर,
मी माझी तर्जनी तळव्यात दुमडून घेतली
आणि अंगठा रिकाम्या जागेकडं नेला.
कुठं थांबायचं कळेना.
अकरा वर्षं ज्या टोकाला टेकत आले
ते टोक नक्की कुठं असतं
हे माझ्या अंगठ्याला ठाऊकच नव्हतं.
तो चाचपत राहिला,
अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा.

मी डोळे उघडले.
समोर हिंदुराव. पाठ ताठ, ओठ थोडे उघडे.
उजवा अंगठा हवेत एका जागी उभा,
नेमका तिथं,
जिथं पेर असतं.

खाली कुणीतरी शड्डू ठोकला.
तक्ता खिळ्यावर हलला.
तो अंगठा हलला नाही.